कर्ट फ्लड : खेळाडू कोणाच्या मालकीचा?



संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव चालतो, तेव्हा कुंपणापाशी थांबून पाहणारे पालक आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात. एक मुलगी चेंडू फेकते, दुसरी मारते, चौघी-पाचजणी जवळ उभ्या असतात. मग त्या लांब उभ्या राहिलेल्या तिघी काय करतात? आपल्या इंदूरला सॉफ्टबॉल नवा नाही, पण क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्यांना त्या तिघींचे काम चटकन दिसत नाही हे खरे. या वेळी आम्ही त्या जागेवर खेळलेल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. तो सॉफ्टबॉल नव्हे, तर त्याचा थोरला भाऊ असलेला बेसबॉल खेळत असे. त्याचे नाव कर्ट फ्लड.

आधी त्या तिघींबद्दल. बेसबॉलच्या मैदानाचा आतला भाग चौकोनी असतो. एका कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांवर धावण्याचे टप्पे, म्हणजे बेस असतात. एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. या चौकोनाच्या पलीकडे जे मोठे गवताळ मैदान पसरलेले असते त्याला आउटफील्ड म्हणतात. ते सांभाळायला फक्त तीन खेळाडू असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मधोमध. मधल्याला सेंटर फील्डर म्हणतात. सर्वांत जास्त जागा त्याच्या वाट्याला येते. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज येतो न येतो तोच त्याने पाठ फिरवून पळायला सुरुवात केलेली असावी लागते, आणि चेंडू कुठे पडणार याचा अंदाज पहिल्याच पावलाला बरोबर यावा लागतो. आपल्याकडे लाँग ऑन आणि लाँग ऑफ या दोन्ही जागा एकाच खेळाडूला सांभाळायला सांगितल्या, तर त्याची जी धावपळ होईल तशीच काहीशी ही.

फ्लड याच जागेचा खेळाडू. जन्म १८ जानेवारी १९३८ चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. पण तो वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात. घरी सहा भावंडे, हा सर्वांत धाकटा. वस्ती गरीब कृष्णवर्णीयांची, पण तिथे जॉर्ज पॉवेल्स नावाचे एक प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखालून फ्रँक रॉबिन्सन, व्हाडा पिन्सन आणि कर्ट फ्लड असे तीन आउटफील्डर निघाले आणि तिघेही अमेरिकेच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये खेळले. एका शहरातल्या एका गोऱ्या शिक्षकाने मुलांचा रंग न पाहता शिकवले याचे मोल आमच्यासारख्या शाळेशी संबंधित माणसांना वेगळे सांगायला नको.

१९५६ साली, अठराव्या वर्षी, सिनसिनाटी रेड्स या क्लबने त्याला ४,००० डॉलरवर घेतले. सराव शिबिर फ्लोरिडातल्या टँपा गावी होते. मुलगा मोठ्या उमेदीने संघाच्या हॉटेलात गेला आणि बाजूच्या दाराने बाहेर काढून टॅक्सीत बसवला गेला. कृष्णवर्णीय खेळाडूंची सोय गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंच्या खाणावळीत केलेली होती. पुढची दोन वर्षे त्याने दक्षिणेकडच्या राज्यांत छोट्या लीगमध्ये काढली. संघाची बस जेवणासाठी थांबे तेव्हा बाकीचे आत जाऊन बसत, आणि याला मागच्या दाराशी जे मिळेल ते घ्यावे लागे. त्याने पुढे सांगितलेला एक प्रसंग तर वाचवत नाही. एके दिवशी लागोपाठ दोन सामने होते. मधल्या वेळेत सगळ्यांनी घामाने भिजलेले कपडे एका ढिगात टाकले, यानेही टाकले. कपडे सांभाळणाऱ्या माणसाने एक लांब काठी घेतली, तिच्या टोकाने फ्लडचे कपडे ढिगातून वेगळे उचलले आणि ते कृष्णवर्णीयांच्या धोबीखान्यात पाठवून दिले. ते धुऊन येईपर्यंत हा उघडाच बसून राहिला. संघ मैदानावर उतरलेला होता.

डिसेंबर १९५७ मध्ये रेड्सने त्याला सेंट लुईस कार्डिनल्स या क्लबला देऊन टाकले. 'देऊन टाकले' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची रीतही नव्हती.

सेंट लुईसला तो बारा हंगाम खेळला, १९५८ ते १९६९. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, अंगाने सडपातळ. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी मिळणारा 'गोल्ड ग्लव्ह' हा मान त्याने १९६३ पासून १९६९ पर्यंत ओळीने सात वर्षे मिळवला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. बेसबॉलमध्ये सुटलेला झेल किंवा चुकीची फेक यांची क्षेत्ररक्षकाच्या नावावर 'एरर' म्हणून नोंद होते, तशी एकही नोंद नाही. १९६५ च्या अखेरीपासून १९६७ च्या मध्यापर्यंत लागोपाठ २२६ सामने असे गेले. फलंदाज म्हणूनही तो काही कमी नव्हता. संपूर्ण कारकिर्दीत १,८६१ यशस्वी फटके आणि .२९३ ची सरासरी. ही सरासरी क्रिकेटसारखी वाचायची नाही. तिचा अर्थ असा की मोजल्या जाणाऱ्या हजार संधींत तो २९३ वेळा यशस्वी फटका मारून बेसवर पोचला. बेसबॉलमध्ये दहांत तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम गणला जातो.

कार्डिनल्सने १९६४ आणि १९६७ साली जागतिक मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या दोन्ही विजयांत फ्लड होता. १९६८ साली मात्र डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध शेवटच्या, सातव्या सामन्यात जिम नॉर्थरपने मारलेल्या उंच चेंडूचा अंदाज त्याला चुकला. तो आधी पुढे सरकला, मग मागे वळताना पाय घसरला आणि चेंडू डोक्यावरून गेला. दोन धावा झाल्या आणि सामना हातचा गेला. वर्षानुवर्षे न चुकणारा माणूस नेमका त्या दिवशी चुकला. पुढे त्याचे नाव निघाले की काही लोकांना फक्त तेवढेच आठवे.

आता या गोष्टीचा खरा भाग.

७ ऑक्टोबर १९६९. फ्लड एकतीस वर्षांचा होता, पगार वर्षाला ९०,००० डॉलर. पहाटे फोन वाजला. क्लबच्या मालकाचा नव्हे, व्यवस्थापकाचाही नव्हे, तर कार्यालयातल्या कुणा मधल्या अधिकाऱ्याचा. तुझी फिलाडेल्फिया फिलीज या क्लबशी अदलाबदल झाली आहे, एवढेच त्याने सांगितले. एकूण सात खेळाडूंचा तो व्यवहार होता. फ्लड, टिम मॅकार्व्हर आणि आणखी दोघे तिकडे. डिक ॲलन आणि आणखी दोघे इकडे. बारा वर्षे ज्या गावात काढली, जिथे धंदा उभारला, माणसे जोडली, ते गाव एका फोनवर सुटणार होते.

पालकांपैकी कोणी म्हणेल, नोकरीत बदली होतेच की! बँकेतल्या आणि रेल्वेतल्या माणसांना हे काय सांगता? पण बदली झाली तरी मालक तोच राहतो, आणि अगदीच नकोसे झाले तर राजीनामा देऊन दुसऱ्या बँकेत जाता येते. फ्लडला तेच करता येत नव्हते. बेसबॉलच्या करारात एक कलम होते. त्याला 'रिझर्व्ह क्लॉज' म्हणत, म्हणजे खेळाडूला राखून ठेवण्याचे कलम. त्याची मुळे १८७९ पर्यंत जातात. करार संपल्यावर खेळाडूने नवा करार केला नाही, तर क्लब जुनाच करार आणखी एक वर्षासाठी वाढवू शकतो, असे ते कलम सांगे. एक वर्षच ना, मग हरकत काय? गोम अशी होती की वाढवलेल्या करारातही तेच कलम असे, म्हणून मालक म्हणत की पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढवता येतो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नोकरीला लागताना मुलांकडून दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेणाऱ्या कंपन्या पालकांच्या माहितीतल्या आहेत. त्या बाँडला निदान शेवट तरी असतो. याला नव्हता. खेळाडू एकदा सही करी आणि क्लब त्याला ठेवी, विकी किंवा सोडून देई तोवर तो त्या क्लबचा. मेजर लीगमध्ये तेव्हा २४ क्लब होते आणि सर्वांनी हा नियम मिळून पाळलेला, त्यामुळे दुसरीकडे दार ठोठावण्यात अर्थ नव्हता. एक तर सांगतील तिथे खेळायचे, नाही तर खेळ सोडायचा.

आमच्या इंदूरच्या क्रिकेटचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना नागपूरचे सी. के. नायडू आठवतील. होळकरांनी त्यांना बोलावले, लष्करात हुद्दा दिला आणि ते इंदूरचे झाले. पण त्यांना कोणी पाठवले नव्हते, ते स्वतः आले होते. मुद्दा नेमका एवढाच आहे.

फ्लडने आधी निवृत्त होण्याचा विचार केला. मग तो खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांना भेटला. मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले, १९६६ पासून खेळाडूंचे काम पाहत होते. त्यांनी त्याला अजिबात भुलवले नाही. खटला बहुधा हरशील, जिंकलास तरी तुला त्याचा उपयोग व्हायचा नाही, उलट यापुढे कोणी प्रशिक्षकाचीही नोकरी देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. फ्लडने एकच विचारले, की पुढच्या खेळाडूंना याचा फायदा होईल का? मिलर हो म्हणाले. तेवढे मला पुरे, असे तो म्हणाल्याचे मिलर यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच डिसेंबरात पोर्तो रिकोत खेळाडूंच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि त्यांनी एकमताने त्याला पाठिंबा व खर्च देण्याचे ठरवले.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. पत्र छोटे आणि अगदी सभ्य आहे. बारा वर्षे खेळल्यावर मी स्वतःला कोणाच्या मर्जीने विकत घेण्याची आणि विकण्याची वस्तू समजत नाही. फिलाडेल्फियाचा प्रस्ताव मिळाला आहे, पण इतर क्लबांचे प्रस्तावही विचारात घेण्याचा मला हक्क आहे. तरी मी १९७० साठी उपलब्ध आहे हे सर्व क्लबांना कळवावे, असा त्याचा आशय. कून यांनी नकार दिला. १६ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला दाखल झाला. त्याचे वकील होते आर्थर गोल्डबर्ग, जे स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले.

याच सुमारास दूरदर्शनवरच्या एका मुलाखतीत त्याला विचारण्यात आले, की वर्षाला ९० हजार डॉलर म्हणजे काही गुलामाचा पगार नव्हे. त्यावर तो म्हणाला, पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. या वाक्याने तो अनेक घरांत नावडता झाला. सामान्य माणसाला वर्षाकाठी मिळे त्याच्या कितीतरी पट तो मिळवत होता. लोक म्हणाले, पोट भरलेल्याचे हे चोचले आहेत. आम्हाला वाटते, या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. गुलामगिरी हा शब्द जड आहे आणि त्याच्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी तिचा खरा अर्थ भोगला होता. पण काठीच्या टोकाने ज्याचे कपडे उचलले गेले त्याने तो शब्द वापरावा की नाही, हे आम्ही कोण ठरवणार?

मे १९७० मध्ये सुनावणी सुरू झाली. मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते जॅकी रॉबिन्सन साक्षीला आले. ते आजारी होते, दृष्टी अधू झाली होती. पुढे दोनच वर्षांत ते गेले. जुन्या पिढीचे हँक ग्रीनबर्गही आले. पण त्या वेळी खेळत असलेल्यांपैकी एकही जण न्यायालयात येऊन त्याच्या शेजारी बसला नाही. पाठिंब्याचे मत दिलेले हेच खेळाडू. मालक खुनशी झाले तर काय, ही धास्ती सर्वांना होती. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही, पण फ्लडला ही गोष्ट शेवटपर्यंत लागून राहिली.

दरम्यान व्यवहार थांबला नव्हता. फ्लड गेला नाही, म्हणून सेंट लुईसने फिलाडेल्फियाला त्याच्या बदली दुसरे दोन खेळाडू पाठवले. माल सदोष निघाला तर दुकानदार बदलून देतो तसे.

खालच्या न्यायालयात तो हरला, अपिलात हरला आणि १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ असा हरला. नववे न्यायाधीश बाजूला राहिले, कारण कार्डिनल्सचे मालक असलेल्या बुश यांच्या मद्यकंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. निकालाचे कारण मोठे विचित्र आहे, आणि वरच्या वर्गांतल्या मुलांनी ते समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत व्यापाऱ्यांनी संगनमत करून मक्तेदारी करू नये असा कायदा १८९० पासून आहे. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की बेसबॉलचे सामने हे स्थानिक खेळ आहेत, राज्याराज्यांतला व्यापार नव्हे. म्हणून हा कायदा त्यांना लागू नाही. १९५३ साली न्यायालयाने तेच पुन्हा धरले. नंतर मुष्टियुद्धाला आणि अमेरिकन फुटबॉलला तो कायदा लागू आहे असे निकाल झाले, फक्त बेसबॉल सुटला. १९७२ साली न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी मान्य केले की बेसबॉल हा व्यापारच आहे आणि त्याला मिळालेली सूट विसंगत आहे. पण इतकी वर्षे चालत आलेली विसंगती न्यायालयाने नव्हे, तर संसदेने दूर करावी. निकालपत्राच्या सुरुवातीला त्यांनी जुन्या नामवंत खेळाडूंची ऐंशीहून अधिक नावांची यादी मोठ्या प्रेमाने दिली आहे. खेळावर एवढे प्रेम, आणि खेळाडूला मात्र दाद नाही! न्यायालयातले एकमेव कृष्णवर्णीय न्यायाधीश थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिले. न्यायमूर्ती डग्लस यांनीही विरोधी मत दिले आणि १९५३ च्या निकालात आपण सामील झालो याचा पस्तावा नोंदवला.

निकाल लागला तेव्हा फ्लड अमेरिकेत नव्हता. १९७० चा पूर्ण हंगाम त्याने घरी बसून घालवला होता. सुमारे लाखभर डॉलरवर पाणी सोडून. १९७१ साली वॉशिंग्टन सेनेटर्सने त्याला १,१०,००० डॉलरवर घेतले, पण वर्षभर सुटलेली लय परत आली नाही. तेरा सामने खेळून, एप्रिल संपायच्या आत, मालकाला तार करून तो निघून गेला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. स्पेनच्या मायोर्का बेटावर त्याने एक बार काढला आणि त्याच धंद्यातला माल त्याला जास्त बाधला. दारूचे व्यसन जडले. पैसा गेला, आधीचा संसार मोडला होताच. सत्तरीच्या मध्यास तो ओकलंडला आईकडे परतला.

आणि इकडे, तो दूर असतानाच, भिंत पडत होती. १९७३ च्या करारात मालकांनी मान्य केले, की मेजर लीगमध्ये दहा वर्षे झालेला आणि त्यांतली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेला खेळाडू आपली अदलाबदल नाकारू शकेल. फ्लडची बारा वर्षे एकाच क्लबात झाली होती; हा नियम चार वर्षे आधी आला असता तर त्याला खटला करावाच लागला नसता. मग २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात निर्णय दिला, की करारात 'एक वर्ष' लिहिले आहे त्याचा अर्थ एक वर्षच. नव्वदहून अधिक वर्षे चाललेली प्रथा दोन शब्दांच्या सरळ वाचनाने संपली. १९७६ पासून सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू मोकळा होऊन हव्या त्या क्लबशी बोलू लागला. त्या वर्षी खेळाडूंचा सरासरी पगार ५१ हजार डॉलरच्या आसपास होता. १९९७ पर्यंत तो तेरा लाखांच्या पुढे गेला. यातला एक डॉलरही फ्लडला मिळाला नाही.

त्याच्या उत्तरायुष्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात, हरलेला माणूस म्हणून. ते अर्धेच खरे आहे. १९७८ साली त्याने ओकलंडच्या संघासाठी रेडिओवर समालोचन केले. पुढे ओकलंडमध्ये लहान मुलांच्या बेसबॉलचे काम पाहिले. ज्या शहरात पॉवेल्स यांनी त्याला शिकवले त्याच शहरात. दारू सोडली. १९८६ साली अभिनेत्री ज्युडी पेस हिच्याशी लग्न केले आणि लॉस एंजेलिसला घर केले. १९९४ साली मालकांशी पुन्हा मोठा संघर्ष होऊन खेळाडूंचा संप चालू होता, तेव्हा संघटनेने त्याला अटलांटाच्या सभेत बोलावले. समोरच्यांपैकी कितीतरी जण खटल्याच्या वेळी पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते. त्याच्यासाठी ती सभा उभी राहिली. न्यायालयात कोणी आले नव्हते, त्याला चोवीस वर्षे होऊन गेली होती.

नंतर घशाचा कर्करोग झाला. ज्या आवाजाने तो बोलला तोच गेला. २० जानेवारी १९९७ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, तो वारला. तो दिवस त्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुटीचा होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकन संसदेने केलेल्या आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने मेजर लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. कायद्याचे नावच 'कर्ट फ्लड कायदा' आहे. छोट्या लीगचे खेळाडू मात्र त्यातून वगळले गेले.

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी बेसबॉलच्या थोर माणसांचे दालन आहे, तिथे प्रत्येकाची कांस्याची तबकडी लावतात. खटल्यात प्रतिवादी असलेले आयुक्त कून २००८ साली तिथे गेले. मार्विन मिलर यांची निवड २०१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी झाली. ज्याच्या बदल्यात फ्लडला फिलाडेल्फियाला धाडले होते त्या डिक ॲलनची तबकडी २०२५ च्या जुलैत लागली. फ्लडची तोपर्यंत लागलेली नव्हती.